नसांच्या ताकदीसाठी

९ जानेवारी

कॅप्टनने सगळ्यांना वही ठेवायला सांगितलंय. कॅप्टन म्हणजे आमच्या सायकल ग्रुपचा म्होरक्या, एरवी त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. किती किलोमीटर, काय खाल्लं, कसं वाटलं, सगळं लिहायचं. "खरं लिहा," म्हणाला, "वही कोणी तपासणार नाही." म्हणून खरं लिहितो.

बावीस किलोमीटर. दोन केळी. पुलाच्या चढावर उतरलो आणि सायकल ढकलत नेली. ग्रुप पुढे निघून गेला होता, त्यामुळे कोणी बघितलं नाही असं वाटत होतं, तेवढ्यात मागून सासरे आले. ते ग्रुपमध्ये नाहीत. त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, रविवारीही सकाळी दोन तास उघडतात, आणि गेली चव्वेचाळीस वर्षं दुकानात सायकलनेच जातात. वय सहासष्ट. पँटला क्लिप, कॅरियरला डबा. माझ्या शेजारून चढ चढून गेले. घंटी वाजवली नाही, माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी मला ओळखलं होतं, आणि मला ओशाळं वाटू नये म्हणून ते सरळ समोर बघत गेले.

मी त्रेचाळीस वर्षांचा आहे.

कसं वाटलं: मान वर करवेना.

२३ जानेवारी

दुकानात वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं नमुने ठेवून गेली. मल्टिव्हिटॅमिन, मॅग्नेशियम, पाण्यात घालायची पावडर, नसांच्या ताकदीच्या कॅप्सूल. मालक म्हणाले, "तूच ने. आपल्याकडे हे कोण घेतंय?" घरी आणून टेबलावर मांडलं. बायको म्हणाली, "एवढं कोण खाणार?" मी म्हटलं, खायचं नसतं, घ्यायचं असतं. ती म्हणाली, "मग घ्या," आणि भाजी चिरायला गेली.

बावीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा आहे. गोळ्यांची नावं झोपेतही सांगेन. पण फार्मसीचं कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं होतं. लग्न ठरताना सासऱ्यांना 'फार्मसी करतोय' असं सांगितलं. सोडून तेव्हा चार महिने झाले होते. त्यांना ते लग्नानंतर कळलं. त्यावर आजवर एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर एकदाच ऐकून घेतलं असतं.

२० फेब्रुवारी

पूल न उतरता चढलो. छातीत भाता चालला होता, पण चढलो. सहा आठवडे दर दोन दिवसांनी सायकल चालवतोय आणि चार आठवडे गोळ्या घेतोय. गोळ्यांचा गुण आला, हे उघड आहे.

चहाच्या टपरीवर सगळ्यांना समजावून सांगितलं. घामाबरोबर काय जातं, स्नायूंना काय लागतं, नसांना काय लागतं. पीटीच्या बाईंनी, म्हणजे आमच्यातल्या शाळेत खेळ शिकवतात त्या, मोबाइलमध्ये लिहून घेतलं. कॅप्टन म्हणाला, "अरे, आपल्याकडे डॉक्टर आहे आणि आपल्याला पत्ता नाही." मी म्हटलं, डॉक्टर नाही हो. सगळे हसले. निघताना पुन्हा कोणीतरी "चला डॉक्टर" म्हटलं, तेव्हा काही बोललो नाही.

१३ मार्च

सासूबाई गेल्यापासून सासरे एकटेच राहतात, दोन गल्ल्या सोडून. रविवारी दुपारी जेवायला आमच्याकडे असतात. एरवी ते आणि बायको बोलतात, मी ताटाकडे बघून जेवतो. आज बायकोनेच विषय काढला. "बाबा, ह्यांना हल्ली डॉक्टर म्हणतात." मला वाटलं आता कॉलेजचं निघणार. पण ते म्हणाले, "असं? काय सांगता तुम्ही लोकांना?"

मग मी बोलत गेलो. जवळजवळ तासभर. त्यांनी मध्येच विचारलं, "जावईबापू, हे मॅग्नेशियम रात्रीच का घ्यायचं?" बावीस वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न असेल. बायको ताटं उचलायची विसरून बसली होती.

शेवटी म्हणाले, "पण मला काय होतंय? मी ठणठणीत आहे."

मी म्हटलं, "काही होत नाहीये बाबा. काही होऊ नये म्हणून."

त्यांनी एकदा मुलीकडे बघितलं. मग म्हणाले, "द्या मग. तुम्ही सांगताय तर घेतो."

२७ मार्च

सासरे ग्रुपमध्ये आले, त्याच काळ्या सायकलवर. पस्तीस किलोमीटर. सगळ्यांच्या पुढे नाही, मागेही नाही. कॅप्टनने त्यांना चांगले सायकलचे बूट दिले. मी सगळ्यांना सांगितलं की बाबा माझा कोर्स घेतायत. ते बुटाचे बंद बांधत होते, वर न बघता म्हणाले, "हो, यांच्याच हातात आहे माझं सगळं." सगळे हसले. दिवसभर मी जमिनीवर नव्हतो.

१५ मे

सत्तर किलोमीटर. सासरे शेवटपर्यंत बरोबर. ऑक्टोबरात शंभर करायचे ठरलेत.

इथे खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. मी स्वतः महिनाभर काही घेत नाहीये. कॅप्सूलने पोटात जळजळते. ग्रुपमध्ये सांगितलं नाही. सहा जण माझ्यावर विश्वास ठेवून घेतायत, त्यांच्या डोक्यात उगाच किडा कशाला सोडा.

१९ जून

परतताना सासरे म्हणाले, "पायाची बोटं झोपल्यासारखी होतात हो." बूट घट्ट असणार. कॅप्टनने बंद सैल करून दिले. मी नसांच्या कॅप्सूल सुरू केल्या, रोज एक. त्या आजवर त्यांना देत नव्हतो, वयाच्या मानाने हे आधीच द्यायला हवं होतं.

१० जुलै

बूट बदलले, सीट खालीवर केली, फरक नाही. सासरे म्हणतात, तळव्याखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं. बायको म्हणाली, "बाबा चालताना पाय आपटतायत, आवाज येतो." मी म्हटलं, थकवा आहे, सत्तर किलोमीटर म्हणजे चेष्टा नाही. ती म्हणाली, "डॉक्टरला दाखवू या का?" मी म्हटलं, मी बघतोय ना.

कॅप्सूल दोन केल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक.

७ ऑगस्ट

नवी बाटली द्यायला त्यांच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. काचेचं काउंटर, वाकवता येणारा दिवा, भिंतीवर वीसेक घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. ते टेबलाखाली गुडघ्यांवर बसून लोहचुंबक फिरवत होते.

"काय पडलं?"

"स्क्रू. तिसरा आज." उठताना त्यांनी टेबलाला धरलं. "चिमट्यात धरला आहे की नाही, ते हाताला कळत नाही. डोळ्यांनी बघावं लागतं. आणि डोळ्यांनी बघेपर्यंत सुटलेला असतो."

मी म्हटलं, आता बोटांपर्यंत आलंय म्हणजे नसा फारच अशक्त झाल्यात. तीन करू.

"तीन," ते म्हणाले. बाटली घेऊन तिच्याकडे बघितलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. "मुलीला नका सांगू हाताचं. काळजी करेल."

२८ ऑगस्ट

बुधवारी सासऱ्यांच्या हातून घड्याळ मोडलं. एक निवृत्त नर्सबाई आईचं घड्याळ घेऊन आल्या होत्या, नखाएवढं, चावीचं. आतला केसासारखा आस मोडला आणि तो भाग आता मिळत नाही. बायको डबा घेऊन गेली होती, तिने सांगितलं. ते काउंटरमागून उठून बाहेर आले आणि त्या बाईंसमोर हात जोडून उभे राहिले. बाई म्हणाल्या, राहू द्या, जुनंच होतं. त्या गेल्यावर त्यांनी दिवा बंद केला आणि 'आज बंद' ची पाटी लावली. चार दिवस झाले, ती काढली नाही.

बायको सांगत होती तेव्हा मी सायकलच्या साखळीला तेल देत होतो. देतच राहिलो.

८ सप्टेंबर

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

अकराच्या सुमाराला एक म्हाताऱ्या बाई आल्या. मुलाने बाहेरून पाठवलेली नसांच्या गोळ्यांची बाटली त्यांच्या हातात होती, वेगळ्या कंपनीची. "चष्मा विसरले. आत कागद आहे, त्यात काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवाल?" दुकानात गर्दी नव्हती. मी कागद उलगडला आणि सोपं करून वाचायला लागलो. किती घ्यायच्या, कशाबरोबर घ्यायच्या. मग बारीक अक्षरात: व्हिटॅमिन बी-सिक्स जास्त प्रमाणात बरेच महिने घेतल्यास हातापायांना मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणे.

मी थांबलो. बाई म्हणाल्या, "पुढे?"

पुढे लिहिलं होतं की अशी लक्षणं दिसल्यास ताबडतोब बंद करावे.

मी वाचून दाखवलं. "म्हणजे मी घेऊ नको का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमच्या डॉक्टरांना विचारा. हे वाक्य मी वर्षभरात कोणालाही म्हटलेलं नव्हतं.

मागच्या खोलीत जाऊन आमच्या कॅप्सूलचं खोकं उघडलं. आतला कागद घडीसकट होता, त्यातही तेच वाक्य. बावीस वर्षांत मी किती खोकी उघडली असतील. लोकांना मी सांगतो, लेबल वाचत जा.

९ सप्टेंबर

कागदावर बेरीज केली. कॅप्सूलमध्ये शंभर मिलिग्रॅम, तीन म्हणजे तीनशे. मॅग्नेशियमच्या गोळीतही बी-सिक्स आहे, पन्नास. मल्टिव्हिटॅमिनमध्ये दहा. पावडरमध्येही आहे. एकेका बाटलीवर बघितलं तर कुठलंच भयंकर वाटत नाही. चारही एका माणसाच्या पोटात मी घातल्या. माणसाला दिवसाला दोन मिलिग्रॅमही लागत नाही.

आणि मुंग्या मार्चपासूनच्या गोळ्यांनी आल्या असतील, तर त्या मुंग्यांवर मी तेच औषध कितीतरी पट वाढवून दिलं.

१० सप्टेंबर

सासऱ्यांकडे जाऊन बाटल्या परत घेतल्या. सांगितलं, कंपनीने माल परत मागवलाय, वेष्टणात काही गडबड आहे, नवीन येईपर्यंत बंद. त्यांनी निमूटपणे चारही काढून दिल्या. "सगळ्याच कंपन्यांनी मागवल्या?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

चारही बाटल्यांवर चार वेगळ्या कंपन्यांची नावं आहेत.

ग्रुपवर निरोप टाकला की सध्या सगळ्यांनी कोर्स थांबवा, महिनाभर विश्रांती द्यायची असते. "ओके डॉक्टर," सहा जणांचं आलं.

२ ऑक्टोबर

तीन आठवडे झाले बंद करून आणि त्यांचं वाढलंय. अंघोळीला तोंडाला साबण लावून डोळे मिटले की भिंत धरावी लागते. शर्टाची बटणं बायको लावते.

मला काय वाटलं ते इथे लिहितो आणि पान फाडणार नाही. मला हायसं वाटलं. बंद करूनही वाढतंय म्हणजे गोळ्यांनी झालेलं नाही, दुसरंच काहीतरी आहे. सासऱ्यांच्या शर्टाचं बटण लागत नाही हे दाराशी उभा राहून बघत होतो आणि माझ्या छातीवरचा दगड उतरत होता.

९ ऑक्टोबर

शंभर किलोमीटरचा दिवस. आम्ही दोघं गेलो नाही. ते तरीही सायकल घेऊन निघाले, दुकानापर्यंत जाऊन येतो म्हणून. सिग्नलला थांबताना पाय टेकवला, तो टेकलाय हे त्यांना कळलंच नाही. सायकलसकट आडवे झाले. खांदा आणि गाल सोलवटला. भाजीवाल्याने घरी आणून सोडलं, सायकलही त्यानेच ढकलत आणली.

बायकोने विचारलं नाही. नसांच्या डॉक्टरची वेळ घेतली आणि मला सांगितलं, "मंगळवारी दहा वाजता. सुट्टी टाका."

१८ ऑक्टोबर

नसांच्या डॉक्टर बाई आहेत, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. हातोडीने गुडघे ठोकले, सुई टोचून विचारलं, अंगठा वर की खाली ते डोळे मिटून ओळखायला सांगितलं. सासऱ्यांनी पाचपैकी तीनदा चुकीचं सांगितलं. शाळेतल्या मुलासारखे खजील झाले.

मग डॉक्टरांनी विचारलं, "औषधं काय काय चालू आहेत?"

बायको म्हणाली, "ब्लडप्रेशरची एक गोळी, बस."

"आणखी काही? ताकदीचं, व्हिटॅमिन, जडीबुटी?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या पाठीच्या कण्याच्या चित्राकडे बघत होतो. सासरे म्हणाले, "नाही. काही नाही."

डॉक्टरांनी लिहिलं: काही नाही.

मी बोललो नाही. आधी वाटलं, त्यांचं झालं की बोलू. मग वाटलं, बाहेर गेल्यावर परत आत येऊन सांगू. बाहेर आल्यावर बायको औषधाच्या खिडकीशी रांगेत उभी राहिली आणि सासरे बाकावर माझ्या शेजारी बसले. ते म्हणाले, "पंखा जोरात आहे नाही इथे?" मी म्हटलं, हो.

२६ ऑक्टोबर

साखर नाही. बी-ट्वेल्व व्यवस्थित. थायरॉइड व्यवस्थित. नसांची विजेची तपासणी खराब आली, पण कशामुळे ते त्यात कळत नाही. आता मंगळवारी पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढायचं आहे. त्यातून कर्करोगाचं काही निघतंय का तेही बघणार. 'कर्करोग' शब्द डॉक्टरांनी सहज उच्चारला. बायको बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली.

२९ ऑक्टोबर

आज सांगणार होतो. घरी पाहुणे होते.

३० ऑक्टोबर

आज कोणी नव्हतं.

१ नोव्हेंबर

सकाळी दुकानात गेलो, बाटल्या मागच्या खोलीत माझ्या खणात होत्या. त्या पिशवीत घेतल्या आणि हॉस्पिटलात गेलो. सासरे आधीच मागे बंद असलेला हिरवा झगा घालून कुशीवर वळून पडले होते, गुडघे पोटाशी घेतलेले. पाठ उघडी होती. त्यांची पाठ मी पहिल्यांदा बघितली. मणके मोजता आले असते. नर्स कापसाने पुसत होती. बायको उशाशी उभी होती.

डॉक्टर हातमोजे चढवत होत्या. मी म्हटलं, "थांबा."

पिशवीतून बाटल्या काढून ट्रेवर ठेवल्या. एक पडून घरंगळली, नर्सने उचलली. मी म्हटलं, "हे सगळं घेत होते. मार्चपासून. मी दिलं. जूनपासून कॅप्सूल, नंतर दोन, नंतर तीन. सात आठवड्यांपूर्वी मी बंद केलं आणि कोणाला सांगितलं नाही."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. एकेक बाटली उजेडात धरून वाचली, आकडे कागदावर मांडले. बेरीज झाल्यावर तिच्याखाली रेघ ओढली.

"बंद केल्यावर वाढलं?"

"हो. म्हणून मला वाटलं..."

"बंद केल्यावर काही आठवडे वाढतं. ते ठाऊक असलेलं आहे." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"फार्मासिस्ट?"

"नाही. काउंटरवर असतो."

"मागच्या वेळी मी विचारलं तेव्हा तुम्ही इथेच होता."

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नर्सला म्हणाल्या, "सध्या राहू द्या. बी-सिक्सची लेव्हल पाठवा." नर्सने सासऱ्यांच्या पाठीवर झगा ओढला आणि बंद बांधले.

बायकोने वडिलांना उठवून बसवलं, त्यांचे पाय चपलेत घातले. डावा पाय चपलेत गेलाय का ते त्यांना कळत नव्हतं, तिने वाकून बघून सांगितलं, "गेला बाबा."

२ नोव्हेंबर

बायको त्यांच्याकडे राहायला गेली. त्यांना एकटं ठेवता येत नाही म्हणून, असं म्हणाली. दोन पिशव्या घेऊन गेली. उशीही नेली.

६ नोव्हेंबर

टपरीवर ग्रुपला सांगितलं. सगळं, मी डॉक्टर नाही इथपासून. कॉलेज सोडलं तेही. कॅप्टन म्हणाला, "अरे, डॉक्टर आम्ही गमतीने म्हणायचो." मी म्हटलं, गोळ्या गमतीने घेतल्या नाहीत ना.

 मग पीटीच्या बाई म्हणाल्या, "माझ्या पायाची बोटं दोन महिने बधिर आहेत. मला वाटलं बुटाने. तुम्ही विश्रांती म्हणालात, पण मी बंद नव्हत्या केल्या. मला वाटलं, तुमच्या पुढे जाईन." त्या लहान मुलीसारख्या बोलल्या. मी त्यांना डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. लिहिताना त्यांनीच कागद धरला.

परत येताना एकटा आलो. पुलावर उतरलो. दम लागला नव्हता.

११ नोव्हेंबर

रिपोर्ट आला. लेव्हल अजूनही कितीतरी पट जास्त. डॉक्टरांनी बायकोला सांगितलं की सुधारेल, पण सावकाश, वर्षही लागेल, आणि सगळं परत येईल असं सांगता येत नाही. हे मला बायकोने फोनवर सांगितलं, वाचून दाखवल्यासारखं. मालकांनाही आज सगळं सांगितलं. ते म्हणाले, उद्यापासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय सल्ला नाही. मी म्हटलं, हेच सांगायला आलो होतो.

२० नोव्हेंबर

बायको बाजारात गेली होती तेव्हा सासऱ्यांकडे गेलो. दार त्यांनीच उघडलं, भिंतीला धरत आले. खुर्चीत बसल्यावर मी त्यांच्या पायांशी खाली बसलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो, त्यातलं काही आठवलं नाही. म्हटलं, "बाबा, मी तुमचे हात घालवले."

ते आपल्या बोटांकडे बघत होते. म्हणाले, "हो."

मी विचारलं, "डॉक्टरांना तुम्ही का सांगितलं नाहीत? मी बोललो नाही, पण तुम्ही..."

"मुलगी शेजारी होती." मग म्हणाले, "तुम्ही आमच्याकडे बावीस वर्षं येताय. यायचात, जेवायचात, जायचात. मान खाली. मला वाटायचं, माझ्यामुळे. मग त्या गोळ्यांचं बोलायला लागलात तर तासभर बोललात. तिचा चेहरा बघितला होता का तुम्ही त्या दिवशी?"

मी म्हटलं, नाही.

"मी बघितला. मग म्हटलं, चार गोळ्या गिळायला माझं काय जातंय."

याचा आणि मी विचारलेल्याचा काय संबंध ते मला तेव्हा कळलं नाही, अजूनही नीटसं कळलेलं नाही. मी विचारलं, "म्हणजे तुमचा गोळ्यांवर विश्वास नव्हता?"

ते हसल्यासारखं करून म्हणाले, "जावईबापू, मी घड्याळं दुरुस्त करतो. चालू असलेलं घड्याळ मी कधी उघडत नाही."

मग मला चहा करायला सांगितला. कप पूर्ण भरू नका म्हणाले, हातातून सांडतो.

१८ डिसेंबर

रोज संध्याकाळी दुकानातून सुटल्यावर त्यांच्याकडे जातो. भांडी घासतो, पाणी भरतो. बायको आतल्या खोलीत असते. कामापुरतं बोलते. "सिलिंडर बदला." "त्यांची नखं कापायची आहेत." नखं मी कापतो. कुठल्या बोटाला हात लावला ते त्यांना आधी कळत नव्हतं. आज करंगळी ओळखली.

२२ जानेवारी

पीटीच्या बाईंच्या बोटांत जाणीव आली, त्यांनी कळवलं. निरोपाच्या शेवटी फक्त त्यांचं नाव होतं, दुसरा शब्द नाही. तेवढंही पुरेसं आहे.

सासऱ्यांनी दुकान उघडलं, सकाळी दोन तास. सेल बदलतात, पट्टे बसवतात, भिंतीवरची मोठी घड्याळं घेतात. मनगटावरचं चावीचं घड्याळ कोणी आणलं की दुसऱ्या दुकानाचा पत्ता सांगतात.  

५ मार्च

व्यायाम शिकवायला एक मुलगी येते, तिने सासऱ्यांना रोज डोळे मिटून उभं राहायला सांगितलंय. पाय जुळवून, हात अंगाशी. मागे कोणीतरी लागतं, तोल गेला तर धरायला. रोज बायको उभी राहते. मी स्वयंपाकघरात असतो.

आज ती दारात आली, हात पिठाचे होते. म्हणाली, "माझे हात भरलेत. तुम्ही उभे राहा मागे."

मी हात पुसून बाहेर गेलो. सासरे खोलीच्या मधोमध उभे होते. मला बघून विचारलं नाही की ती कुठे आहे. मी त्यांच्या मागे उभा राहिलो, हात त्यांच्या काखेपासून वीतभर अंतरावर. ती दारातच थांबली, घड्याळाकडे बघत.

"मिटा बाबा," ती म्हणाली.

त्यांनी डोळे मिटले ते मला मागून दिसलं नाही, पण मान किंचित खाली गेली. पहिले काही सेकंद काही नाही. मग डावीकडे झुकायला लागले, थोडे, आणखी थोडे. शर्ट माझ्या बोटांना लागला. मी हात पुढे केले.

"अजून नका धरू," ते म्हणाले.